दुसऱ्या दिवशीची हजेरी

दहा दिवसांपूर्वी, मंगळवारी, आमच्या केंद्रातल्या मागच्या खोलीची काच फुटली. स्टूल फेकून फोडली. कुणाला लागलं नाही. फेकणारा सोळा वर्षांचा, अंगाने अगदी बारीक, आणि स्टूल सागवानी. ते त्याने डोक्यावर कसं उचललं, हे मला अजूनही उमगलेलं नाही.

कारण विचाराल तर मोबाईलचा चार्जर. दुसऱ्या मुलाने न विचारता काढून घेतला, एवढंच. पण रात्रभर तो झोपला नव्हता, सकाळी घरात काहीतरी झालं होतं आणि आल्यावर त्याने पोहे खाल्ले नव्हते. भरलेली प्लेट त्याने ओट्यावर तशीच ठेवली, तेव्हाच उठून त्याच्याशेजारी जाऊन बसायला हवं होतं. मी हजेरी लिहीत होते. प्लेट पाहिली आणि लिहीतच राहिले. चार्जरचं भांडण त्यानंतर वीस मिनिटांनी झालं.

मुलांची नावं मी लिहिणार नाही. बाल न्याय अधिनियमाच्या (२०१५) कलम ७४ ने काही मुलांची ओळख उघड करायला बंदीच आहे. बाकीच्यांचीही नावं इथे नकोत असं मला वाटतं. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

केंद्र म्हणजे नाशिकच्या सिडकोतल्या एका रो-हाऊसच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. पवननगरच्या बाजारातून चालत दहा मिनिटं. शाळेने काढलेली, शाळा सुटलेली, शाळेच्या नावानेच पोटात गोळा येणारी अशी चौदा ते अठरा वयाची बारा मुलं-मुली इथे येतात. शिकवणारे आम्ही दोघं, शेडमध्ये वेल्डिंगचे काका, स्वयंपाकाला आजी. आठवड्यातून दोनदा समुपदेशक ताई येतात. मी गणित शिकवते. त्याआधी एकोणीस वर्षं एका माध्यमिक शाळेत शिकवत होते.

त्या शाळेत असताना मी एका दाखल्यावर सही केली होती. ते आधी सांगते.

वर्ष २०१४. नववीचा वर्ग माझ्याकडे होता. मधल्या सुट्टीत एका मुलाने दुसऱ्याच्या डोक्यात स्टीलचा डबा घातला. तीन टाके पडले. टाके पडलेल्या मुलाचे वडील चार माणसं घेऊन ऑफिसात आले. ज्याने मारलं त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती अंबडला एका कंपनीत पॅकिंगला होती, अर्ध्या दिवसाचा खाडा करून आली. डोक्यावरचा पदर सारखा करत उभीच होती, कुणी तिला बस म्हटलं नाही. तिला सांगण्यात आलं की दाखला घेऊन जा, पोलिसांत गेलं तर पोराचं वाटोळं होईल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, अजून एक चान्स द्या ना. मी त्याला समजावते."

दाखला क्लार्कने लिहिला. शाळा सोडल्याचे कारण: पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक: चांगली. खाली वर्गशिक्षकाची सही लागते, ती मी केली. त्या बाईने एकच विनंती केली होती, आणि ती काय होती ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

दाखले बहुतेक नववीतच का निघतात, हे मला पुढे कळलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. सतराव्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. त्यामुळे सहावी-सातवीत आगाऊ ठरलेलं पोर वर्गात असतं, नुसतं बसवून ठेवलेलं असतं, आणि नववीत गेलं की कायद्याचा हात सुटतो. त्याच सुमाराला दहावीच्या निकालाची टक्केवारी शाळेला दिसू लागते. चौदा-पंधराव्या वर्षी, जेव्हा घरात आणि शरीरात सगळंच हलत असतं, तेव्हाच त्याच्या हातात कागद पडतो.

दाखला दिल्यानंतर चौथ्या दिवशी मी त्या मायलेकरांच्या खोलीवर गेले होते, चुंचाळ्याला. दाराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, चाळीसगावकडे गावी गेले सगळे, पोराला कामाला लावणार आहेत. तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. आता पंचविशीच्या पुढचा असेल. सातपूर-अंबडच्या रस्त्यांवर शिफ्ट सुटते तेव्हा मी अजूनही तोंडं बघत जाते.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं की आपल्याला त्याच्याशी बोलता आलं नाही, कसब कमी पडलं. आज वाटतं की कसबाची गोष्ट नंतरची. त्या शाळेत भांडणाच्या दिवसासाठी सगळी सोय होती. शेऱ्यांचं रजिस्टर होतं, माफीनाम्याचा नमुना होता, पालकांना द्यायची चिठ्ठी छापून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवसासाठी काहीही नव्हतं. काल ज्याने मार दिला आणि ज्याने खाल्ला, ते दोघं उद्या एका वर्गात कसे बसतील, पहिला शब्द कोण बोलेल, बाकाची जागा कुठे, हे कुणाचंच काम नव्हतं. टाके पडलेल्या मुलालाही कुणी विचारलं नाही की तुला भीती वाटते का, तुला काय हवंय. तोही नंतर महिनाभर शाळेत आला नव्हता.

आमच्या केंद्रात जे काही आहे ते मी याच एका कसोटीवर तपासते: सगळ्यात वाईट दिवसानंतर पोराला इथे परत येता येतं का?

काच फुटली तेव्हा आम्ही काय केलं ते सांगते, कारण पालक आणि शिक्षक हेच विचारतात. मी बाकीच्या मुलांना पुढच्या खोलीत घेऊन गेले. काका त्याच्याजवळ राहिले. समोर नाही, बाजूला, जरा तिरके, चार हातांवर. दार मोकळं ठेवलं. दार अडवलं की मुलाला कोंडल्यासारखं होतं आणि मग तो अंगावर येतो. काका एवढंच म्हणाले, "मी इथे आहे. पायात चप्पल घाल, काचा आहेत." आणि गप्प बसले.

राग भडकला की अॅड्रेनालिन रक्तात उतरतं, छाती धडधडते, हातपाय ताठ होतात आणि मेंदूचा कपाळामागचा भाग, जो आपल्याला विचार करून थांबवतो, तो मागे पडतो. त्या भागाची वाढ तशीही पंचविशीपर्यंत चाललेली असते. अशा वेळी "का केलंस?" असं विचारून उत्तर मिळत नाही, कारण त्या क्षणी त्याच्यापाशी उत्तर नसतंच. मी वर्गात हा प्रश्न हजारदा विचारला असेल, आणि मूल गप्प राहिलं की तो गप्पपणा उद्धटपणा म्हणून लिहिला असेल. आता आम्ही अर्धा तास काही विचारत नाही. पाणी पुढे करतो. त्याला चालावंसं वाटलं तर कुणीतरी सोबत चालतं, कॉलनीला दोन फेऱ्या. त्याच्या परवानगीशिवाय अंगाला हात लावत नाही, खांद्यावर सुद्धा नाही. कितीतरी मुलांना मोठ्या माणसाचा उचललेला हात एकाच कारणासाठी माहीत असतो.

त्या दिवशी तो दोन फेऱ्या मारून सरळ घरी निघून गेला.

बुधवारी आला नाही. हे आम्हाला अपेक्षित होतं. माझ्या अनुभवात भांडणापेक्षा दुसऱ्या दिवशीची लाज जड असते, आणि मुलं सुटतात ती या लाजेपायी. म्हणून नियम असा की वाईट दिवसाच्या दुसऱ्या दिवशी मूल आलं नाही, तर त्याच संध्याकाळी घरी जायचं. तक्रार घेऊन जायचं नाही, काम घेऊन जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्द त्यातूनच आला. ती मुलं लहान होती आणि आमची दाढीमिशा फुटलेली, पण पायऱ्या उतरून जायचं कुणी, या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं.

मी आणि काका गेलो. आईने दार उघडलं आणि आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला. "काय केलं त्याने?" तो पोटमाळ्यावर पालथा पडला होता. काका खालूनच म्हणाले, "उद्या खिडकीचं माप घ्यायचंय. माझ्या एकट्याच्याने फ्रेम धरवणार नाही." वरून उत्तर आलं नाही. आम्ही चहा घेतला आणि आलो.

गुरुवारी बाराला आला. रजिस्टरमध्ये एक वाजेपर्यंत आम्ही गैरहजेरी मांडत नाही, चौकट कोरी ठेवतो. बरीच मुलं रात्री उशिरा झोपतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, आळस म्हणून ते सोडून देता येत नाही. दोघंजण पहाटे मार्केट यार्डात भाजी उतरवून येतात. आमची सुरुवातच साडेदहाला होते, आणि पहिलं काम नाश्ता.

आता काच.

खिडकी जुनी, लाकडी. आधी हातमोजे घालून पकडीने उरलेले तुकडे काढले, एकेक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून. मग खाचेतली जुनी लांबी, म्हणजे काच पक्की धरणारी पुट्टी, खरवडली. ती वर्षानुवर्षांची, दगड झालेली. पटाशी लाकडात न घुसवता ती सोडवायची तर मनगट सैल ठेवावं लागतं. पहिली पंधरा मिनिटं तो जोर लावत होता आणि पटाशी घसरत होती. काका काही बोलले नाहीत, आपल्या बाजूची खाच खरवडत राहिले. हळूहळू त्याचा हात त्यांच्या हातासारखा चालायला लागला. माप घेतलं, त्यातून तीन मिलिमीटर वजा केले, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि घट्ट बसवलेली काच तडकते. ही वजाबाकी त्याने पाटीवर स्वतः मांडली. एरवी गणिताच्या तासाला तो पेन्सिलीला टोक करत बसतो.

त्रिमूर्ती चौकातून चार मिलिमीटरची काच कापून आणली. हार्डवेअरच्या दुकानात त्यानेच मागितलं, "अर्ध्या इंचाच्या चुका द्या, शंभर ग्रॅम." काच खाचेत बसवून त्या चुका, म्हणजे बारीक खिळे, कडेने ठोकायच्या, हातोडी काचेला टेकवून सरकवत, आपटायची नाही. मग लांबी. काकांना तयार डबा आवडत नाही, ते व्हायटिंगची, म्हणजे खडूची, पूड आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, घेऊन घरीच मळतात, कणकेसारखी. तो मळत बसला. पाऊण तास मळली. ज्या मुलाने चार्जर घेतला होता तो दारात येऊन उभा राहिला, थोड्या वेळाने आत आला आणि अर्धा गोळा आपल्याकडे ओढून घेतला. दोघं बोलले नाहीत. शुक्रवारी समुपदेशक ताईंनी दोघांना बसवलं. चार्जर घेणाऱ्याला आधी विचारलं, तुला काय झालं, काय भरून मिळायला हवं? तो म्हणाला, मला धक्का बसला, आणि चार्जर विचारून घ्यायला हवा होता हे कळतंय. मग ह्याची पाळी. तो एवढंच म्हणाला, "आवाज लई मोठा झाला."

काचेचे पैसे केंद्राने दिले.

इथे कुणाला वाटेल की हे लाड आहेत. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला तोंडावर विचारलं, "मॅडम, काच फोडल्यावर त्याला नवीन काम शिकवता, मग बाकीची मुलं काय शिकतील?" मी बाकीच्या मुलांकडे बघते. त्यांनी बघितलं की फोडणाऱ्याला चार तास राबावं लागलं आणि त्याला हाकललं नाही. त्यांतल्या प्रत्येकाला आपला वाईट दिवस माहीत आहे. आणि मर्यादा आमच्याकडेही आहेत. मागच्या वर्षी एकाने दप्तरात चाकू आणला. आठ दिवस त्याला केंद्रात येऊ दिलं नाही, बाकीच्यांची जबाबदारी आमच्यावर आहे. पण त्या आठही दिवशी आमच्यापैकी कुणीतरी रोज त्याच्या घरी गेलं, अभ्यास घेऊन. नवव्या दिवशी तो आला.

प्रत्येक भांडणानंतर आम्ही एका वहीत तीन रकाने भरतो: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. एका मुलाची दीड महिन्याची पानं आम्ही एकदा सलग वाचली. दर वेळी पहिल्या रकान्यात एकच गोष्ट: मोठ्याने वाचायला सांगितलं. तिसऱ्या रकान्यातही एकच: वाचन टळलं. त्याला वाचताच येत नव्हतं. नववीपर्यंत आला होता, फळ्यावरचं चित्रासारखं उतरवून काढायचा, अक्षर सुंदर. 'स्वच्छ' आणि 'स्वतः' यांत त्याला फरक दिसायचा नाही. वर्गात हसं होण्यापेक्षा बाक उलथवून बाहेर जाणं त्याला सोपं पडत होतं. तपासणी करून घेतली तेव्हा अध्ययन अक्षमता निघाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची सवलत मिळू शकते. नऊ वर्षांत त्याच्या वहीवर 'अक्षर छान' असा शेरा कितीतरी जणांनी दिला होता.

परीक्षेचं तर मला भरभरून सांगायचं आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म पालकांना माहीत असतो, आणि काहींना तो सोयीचाही पडतो. पण आमच्या बहुतेक मुलांना आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे, म्हणजे एनआयओएसकडे, नोंदवतो. वय चौदा पूर्ण लागतं. मराठी माध्यम आहे. दहावीला पाच विषय, त्यांतली निदान एक भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या सुमाराला. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं आणि नऊ संधी. एका वेळी एकच विषय दिला तरी चालतो, सुटलेल्या विषयाचे गुण जमा राहतात. मी हे आयांना बोटांवर मोजून दाखवते. "नऊदा?" म्हणून त्या पुन्हा विचारतात. एका वडिलांनी माझ्या हातातून माहितीपत्रक घेऊन तो आकडा स्वतः वाचला. आमच्या एका मुलाने पहिल्या वेळी फक्त चित्रकलेचा पेपर दिला आणि पास झाला. त्याच्या आयुष्यातला पास असा तो पहिला कागद. आता त्याचे तीन विषय निघालेत.

गप्प मुलींबद्दलही लिहायला हवं, कारण आमचंही तिकडे दुर्लक्ष झालं. काच फोडणाऱ्याकडे सगळे धावतात. एक मुलगी चार महिने कोपऱ्यात बसून सगळी गणितं बरोबर सोडवत होती, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून. आजींच्या लक्षात आलं, आम्हा शिकलेल्यांच्या नाही. तिच्यावर डॉक्टरांचे उपचार चालू आहेत आणि ती येते, यापलीकडे मी लिहिणार नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. आम्ही तो रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे आणि मुलांच्या मोबाईलमध्येही.

आजी धुळ्याकडच्या. केंद्रातला एक मुलगा गेल्या वर्षी मोबाईल हिसकावण्याच्या प्रकरणात सापडला आणि काही आठवडे उंटवाडीच्या निरीक्षणगृहात होता. सुटून आल्यावर तो केंद्रासमोरच्या कट्ट्यावर बसून राहिला, आत येईना. मी आत बसून शब्द जुळवत होते, काय बोलावं, कसं बोलावं. आजी पदराला हात पुसत बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "जेवना का रे?" म्हणजे जेवलास का. तो उठून त्यांच्या मागोमाग आत आला. त्या दिवशी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे मी हजर लिहिलं तेव्हा माझा हात थरथरत होता.

लांबी लगेच रंगवता येत नाही. निदान आठवडाभर वाळू द्यावी लागते, वरून साय धरली तरी आतून ओली असते. काकांनी त्याला बसवतानाच बजावलं होतं की रोज बघत जा. शनिवारी तो आला. सोमवारी पाऊस होता तरी आला. मंगळवारी आला नाही, बुधवारी आला. पोहे घेतो आणि आधी मागच्या खोलीत जातो.

आज सकाळी मी रजिस्टर उघडून बसले होते. तो प्लेट हातात घेऊन खिडकीपाशी उभा होता. अंगठ्याचं नख त्याने कडेला हळूच दाबून पाहिलं, वाकून त्या खुणेकडे बघितलं आणि शेडकडे तोंड करून ओरडला, "काका, अजून ओली आहे. सोमवारी बघू."